मागे आलेला चेंडू

पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि मैदानाच्या तांबड्या मातीत जागोजागी पाणी साचले होते. बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी आम्ही काही जण ज्या मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यांचा आपापसातला सराव सामना चालू होता. उजव्या बाजूच्या बचावपटूला समोर वाट दिसेना, म्हणून त्याने चेंडू मागे आपल्या गोलकीपरकडे दिला. पास नेटका होता, त्यात जोर बेताचा होता, आणि समोरच्या संघाचा सर्वांत जवळचा मुलगा पंधरा-वीस पावले तरी लांब होता. आमचा हा गोलकीपर चौदा वर्षांचा, अंगाने लांब आणि हातांचा फार चांगला. कॉर्नरवरून आलेला चेंडू तो गर्दीतून अलगद काढून छातीशी धरतो, तेव्हा बघत राहावेसे वाटते. तो पास येत असताना मी त्याच्या पायांकडे बघत होतो. दोन्ही पाय चिखलात रोवल्यासारखे एका रेषेत उभे होते. चेंडू जवळ आल्यावर त्याने तो थांबवला नाही, मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाने असा तडकावला की तो टच लाइन ओलांडून थेट रस्त्याकडेच्या गटारापर्यंत गेला. कोणी त्याला रागावले नाही. उलट बाहेर उभ्या असलेल्या एका पालकांनी 'शाब्बास, असंच मारायचं!' म्हणून टाळी दिली. त्यानंतर त्या मुलाने जे केले, ते माझ्या मनातून अजून जात नाही. त्याने दोन्ही हातमोजे एकमेकांवर घासले, जर्सीला पुसले आणि मनगटाचे पट्टे सोडून पुन्हा आवळून बांधले.

चेंडू त्याच्या हाताला लागलाच नव्हता.

गोलकीपरचा भरवसा हातांवर असतो, कारण आपण त्याचे फक्त हातच घडवलेले असतात. बेळगावात काय आणि खानापूर-निपाणीत काय, मैदानावर नवा मुलगा आला आणि तो उंच निघाला की त्याला दोन खांबांच्या मध्ये उभे करतात. ज्याला पळायचा कंटाळा आहे किंवा ज्याच्या पायात चेंडू टिकत नाही, तोही तिथेच जातो. 'पाय चालत नाहीत ना, मग कीपर हो,' हे वाक्य मी या गावात लहानपणापासून ऐकत आलो आहे. एकदा तो तिथे गेला की त्याचा सराव वेगळा होतो. बाकीची मुले मैदानाच्या मध्यावर पासिंग करत असतात आणि हा कोपऱ्यात दुसऱ्या कीपरबरोबर चेंडू फेकाफेकी करत असतो. घरचे लोकही पैसे खर्च करतात ते हातमोज्यांवर. बूट मात्र थोरल्या भावाचे, झिजलेल्या स्टडचे चालतात, कारण 'कीपरला कुठे पळायचे असते?' चार-पाच वर्षे असे गेल्यावर एखाद्या सामन्यात, दीड-दोनशे माणसे बघत असताना, आपण त्याच्या पायाकडे चेंडू ढकलतो आणि त्याने शांतपणे पुढचा पास द्यावा अशी अपेक्षा धरतो.

मी स्वतः गोलमध्ये उभा राहिलो तो काळ वेगळा होता. तेव्हा बॅक पास म्हणजे विश्रांती असे. बचावपटू अडचणीत आला की मागे वळून चेंडू सोडून देई, कीपर तो खाली वाकून हातात घेई, दोनदा टप्पा देई, बचावपटूंवर थोडे ओरडे आणि मग लांब किक मारी. संघ पुढे असला की हाच खेळ शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा चाले. बचावपटूने द्यायचा, कीपरने उचलायचा, त्याला परत द्यायचा, त्याने परत मागे द्यायचा. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, संघांशी खेळताना त्यांच्या दमापुढे आमचा निभाव लागत नसे, तेव्हा याच युक्तीने आम्ही श्वास घेत असू. गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर आमचे दैवत होते, आणि त्यांच्याबद्दल मोठ्यांकडून ऐकलेली प्रत्येक गोष्ट हातांची, झेपेची आणि धीराची होती. गोलकीपरच्या पायांबद्दल कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही. पाय होते ते उडी मारण्यासाठी आणि गोल किक, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू करणारी किक, घेण्यासाठी. आणि गोल किकसुद्धा पुष्कळदा दणकट मांड्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटूच, मारी.

1990 च्या विश्वचषकात कोलंबियाचा गोलकीपर रेने हिगिटा याला आम्ही शेजारच्यांच्या घरी दूरदर्शनवर पाहिले. केस मोकळे सोडलेला तो माणूस आपला गोल सोडून चेंडू घेऊन चक्क पुढे जाई, समोरच्याला चकवी आणि पास देई. आमच्यातल्या कीपरांना तो वेडा वाटला आणि त्याचा हेवाही वाटला. मग कॅमेरूनविरुद्धच्या सामन्यात, जादा वेळेत, गोलपासून कितीतरी लांब असताना तो रॉजे मिला याला चुकवायला गेला; मिलाने चेंडू हिसकावला आणि मोकळ्या गोलात घातला. कोलंबिया 2-1 ने हरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर आमच्या शिक्षकांना बोलायला निमित्तच मिळाले. कीपरने आपली रेषा सोडायची नाही, पायाचे चाळे करायचे नाहीत, हे त्या एका प्रसंगाने आमच्या डोक्यात इतके पक्के बसले की पुढे कित्येक वर्षे ते निघाले नाही. गंमत अशी की त्याच स्पर्धेने उलट दिशेचे दारही उघडले. इटलीतल्या त्या 52 सामन्यांत अवघे 115 गोल झाले होते, म्हणजे सामन्यामागे सव्वादोनही नाहीत, आणि कीपरच्या हातात चेंडू देऊन वेळ काढण्याला सारे जग कंटाळले होते. 1992 मध्ये नियम बदलला. आपल्या खेळाडूने पायाने जाणूनबुजून मागे दिलेला चेंडू कीपरने हाताळायचा नाही. हाताळला तर समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी. 1997 मध्ये आपल्याच खेळाडूच्या थ्रो-इनलाही तो लागू झाला. हिगिटाला ज्यासाठी जगाने हसून घेतले, त्यातला निम्मा भाग दोन वर्षांत प्रत्येक कीपरवर बंधनकारक झाला.

नियम आमच्याकडे पोहोचला तो पंचांच्या शिट्टीतून. नेहमीप्रमाणे आमच्या कीपरने चेंडू उचलला आणि गोलसमोर समोरच्या संघाला फ्री किक मिळाली, तेव्हा दोन्ही संघ पंचांभोवती गोळा झाले. त्या दिवशी झालेला कालवा मला नीट आठवतो. पुढे एकदोन मोसमांत सगळे नियमाला सरावले, पण सरावले म्हणजे काय झाले, तर मागे आलेला चेंडू उचलायचा नाही, बाहेर मारायचा, एवढेच. नियमाने कीपरला अकरावा पासर केले होते आणि आम्ही त्याचा अर्थ एवढाच घेतला की आता हात बंद, म्हणून लाथ. गोलकीपरच्या सरावात मात्र काहीच बदलले नाही. हेच इतक्या वर्षांनी त्या मुलाच्या बुटाच्या टोकात उतरलेले मला दिसले.

पायांचे काम चेंडू पायात येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, म्हणून शिकवायला बसल्यावर मी तिथूनच सुरुवात करतो. दोन खांबांमधले अंतर 7.32 मीटर असते. मध्यावर उभ्या असलेल्या कीपरपासून प्रत्येक खांब साडेतीन मीटरहून थोडा लांब. हे अंतर उडीने कापायचे असे मुलांना वाटते, कारण टाळ्या उडीला मिळतात. खरे तर दोन-तीन जलद आखूड पावलांनी सरकून जो चेंडू पोटाशी घेता येतो, त्यासाठी झेप घेणे म्हणजे पावले उशिरा पडल्याची खूण आहे. जवळच्या अंतरासाठी पाय एकमेकांना न ओलांडता बाजूला सरकवायचे, लांब जायचे असेल तर मात्र एक पाय दुसऱ्यापुढून टाकून धावायचे. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी जो कीपर समोर तोंड ठेवून मागे मागे सरकतो तो टाचेवर पडतो. त्याने एक पाय मागे टाकून कंबर वळवायची, नजर चेंडूवर ठेवायची आणि तिरके धावत मागे जायचे. आणि फटका बसतो त्या क्षणी थांबलेले असायचे, दोन्ही पाय जमिनीवर, खांद्यांइतक्या अंतरावर, भार चवड्यांवर. येळ्ळूरच्या शिवारात आषाढात भाताच्या ओल्या बांधावरून जाणारा माणूस गुडघे किंचित वाकवून, लहान लहान, कधीही थांबवता येतील अशी पावले टाकतो. तशी पावले मला हवी असतात. लांब ढांग टाकलेला कीपर अर्ध्या हवेत असतो, आणि हवेतल्या माणसाला दिशा बदलता येत नाही.

हल्ली सगळीकडे दोरीची शिडी आली आहे. मैदानावर ती अंथरून मुले तिच्या घरांतून टकटक पाय नाचवत जातात, त्याचे व्हिडिओ निघतात, पालक खूश होतात. शिडीवर माझा राग नाही, थंडीच्या सकाळी अंग गरम करायला ती चांगली आहे. परंतु शिडीवर नाचणारा मुलगा खाली बघत असतो आणि सामन्यात कीपरला खाली बघायची एका क्षणाचीही सवड नसते. म्हणून शिडीच्या शेवटच्या घरातून पाय बाहेर पडताच मी चेंडू मारतो, कधी जमिनीलगत, कधी खांद्यावर, कधी मागे उजवीकडे. पाय आपले काम आपण करू लागले पाहिजेत आणि डोळे वर मोकळे राहिले पाहिजेत. ज्या मुलांना हे जमू लागते, त्यांच्या चेहऱ्यावरची गडबड पहिल्यांदा कमी होते, वेग नंतर वाढतो.

आता आमच्या मातीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बेळगावचा पाऊस लागला की महिनोन्‌महिने हटत नाही, आणि आमची बहुतेक मैदाने क्रिकेट, फुटबॉल, सभा, प्रदर्शन आणि गाडी शिकणारे या सगळ्यांची मिळून असतात. गोलसमोरचा अर्धगोल गवत जाऊन उघडा पडलेला असतो. चिखल स्टडांच्या मध्ये बसतो, वाळत नाही, थरावर थर चढतो आणि अर्ध्या तासात प्रत्येक बूट किलोभर वाटू लागतो. मुले खेळ थांबला की बूट खांबावर आपटतात. त्या लोखंडी आवाजाने आमची संध्याकाळ भरलेली असते. मी कीपरना जाळीच्या मागे एक काडी ठेवायला सांगतो आणि चेंडू पलीकडच्या गोलजवळ असताना स्टड कोरून घ्यायला सांगतो. घसरणाऱ्या पायाने धीर येत नाही, मग मनाची कितीही तयारी करा. अशा जमिनीवर चेंडू ओल्या गवतावर असताना वेगाने सरकतो, पाण्याच्या डबक्यात एकदम मरतो आणि खड्ड्यावरून उसळतो, तेही नेमका पाय लावायच्या क्षणी.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडले आहे. ऑक्टोबर 2006 मध्ये झाग्रेबला, क्रोएशियाविरुद्ध युरो पात्रता फेरीत, गॅरी नेव्हिलने इंग्लंडचा कीपर पॉल रॉबिन्सनकडे साधा बॅक पास दिला. रॉबिन्सनने तो पहिल्याच फटक्यात लांब मारायला पाय फिरवला, चेंडूने जमिनीवरच्या उंचवट्यावरून उडी घेतली, पायावरून गेला आणि सरळ गोलात शिरला. इंग्लंड 2-0 ने हरले. हा प्रसंग मी मुलांना फोनवर दाखवतो, पण हसण्यासाठी नव्हे. मी त्यांना दोन प्रश्न विचारतो. पास गोलच्या चौकटीच्या दिशेने का गेला? आणि वेळ असताना चेंडू आधी ताब्यात घेतला असता तर काय झाले असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बचावपटूंनी द्यायचे असते, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचे आहे. बॅक पास कधीही दोन खांबांच्या मध्ये द्यायचा नाही. खांबाच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा. आणि कीपरनेही चेंडू बचावपटूकडे असतानाच गोलच्या चौकटीतून बाजूला सरकून, हात दाखवून, हाक देऊन आपली जागा कळवायची. मग पास चुकला, उसळला, पायाखालून गेला, तरी फार तर कॉर्नर जातो. गोल जात नाही, एवढी खात्री असली की पायातला निम्मा कंप आपोआप जातो.

चेंडू घेण्याची रीत मी फार सावकाश शिकवतो, कारण इथेच सगळे ठरते. पास निघण्याआधी एकदा मैदान बघायचे, आणि चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा: समोरचा फॉरवर्ड, म्हणजे हल्ला करणारा खेळाडू, कोणत्या बाजूने येतोय, डावा बचावपटू मोकळा आहे का, मध्ये कोणी उतरलाय का. चेंडू पायाशी आल्यावर जो बघायला लागतो, त्याला फक्त अंगावर येणारा माणूस दिसतो. पास येताना उभे राहून वाट बघायची नाही, एक-दोन लहान पावले त्याच्याकडे जायचे, म्हणजे डबक्यात मेलेला चेंडूही आपल्याच हद्दीत मरतो. अंग पासला समोरासमोर न ठेवता अर्धे उघडे ठेवायचे आणि चेंडू लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यायचा. उजवीकडून आला तर तो उजव्या पायापुढून जाऊ द्यायचा आणि डाव्या पायाने, घोटा ताठ पण गुडघा सैल ठेवून, डावीकडे अर्धे पाऊल पुढे काढायचा. त्या एका स्पर्शाने तीन गोष्टी होतात: धावून येणारा फॉरवर्ड चुकीच्या बाजूला राहतो, पूर्ण मैदान डोळ्यांपुढे येते आणि पुढचा पास त्याच पायावर तयार असतो. मग टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी, बोटे ज्याला द्यायचा त्याच्याकडे, आणि आतल्या बाजूने सरळ ढकलायचा. बुटाच्या टोकाने मारलेला चेंडू कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही माहीत नसते. ज्याला हे माहीत नसते, त्याला धीर कसा येणार?

यातला 'डावा पाय' हा शब्द उच्चारला की मुलांचे चेहरे पडतात. उजव्या पायाने नीट पास देणारे कीपर आमच्याकडे सापडतात. दोन्ही पायांचे फारच क्वचित. चतुर फॉरवर्ड कीपरच्या चांगल्या पायाच्या बाजूनेच धावत येतो, आणि मग दुसरा पाय काठीसारखा होतो. यावर औषध एकच आहे आणि ते कंटाळवाणे आहे: भिंत. घराच्या कंपाउंडची, शाळेच्या मागची, कुठलीही. चार-पाच पावलांवरून डाव्याने मारायचा, परत आलेला डाव्याने घ्यायचा, उजव्याने मारायचा, उजव्याने घ्यायचा, मग डाव्याने घेऊन उजव्याने द्यायचा. भिंत कधी दमत नाही, रागावत नाही आणि पास जसा दिला तसाच परत करते. शहापूरच्या गल्लीत माझ्या मामांच्या घरामागे अशी एक भिंत होती. तिच्यावर चेंडूचे गोल ठसे पडत आणि मामी दर दिवाळीला चुना मारताना कुरकुरत. मी तिथे हाताने झेलण्याचा सराव केला. पायाने तो कोणी करायला सांगितला नाही, याची हळहळ मला आज या मुलांना भिंतीपुढे उभे करताना वाटते.

त्या सामन्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारले, मागे आलेला चेंडू असा का मारतोस. त्याने आधी 'काय सुचतच नाही बघा काका' असे सांगितले. मी गप्प राहिलो. मग चिखल नखाने खरवडत तो म्हणाला, "कोण देतच नाहीत की मला. माझ्याकडं बॉल आला म्हणजे कायतर बिघडलंय, असंच वाटतंय सगळ्यांस्नी. मलापण तसंच वाटतंय."

इतके नेमके निदान मला जमले नसते.

आपण आत्मविश्वासाबद्दल बोलतो तेव्हा तो जणू त्या एका मुलाच्या छातीत कमी-जास्त भरलेला असतो असे धरून चालतो. 'त्याला धीर नाही', 'तो घाबरट आहे' असे शिक्केही मारून टाकतो. पण हाच मुलगा फॉरवर्डच्या बुटांपुढे डोके घालून चेंडू धरतो. घाबरटपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. संघातल्या दहा जणांनी त्याला चेंडू फक्त संकटात दिला, म्हणून पायाशी आलेला चेंडू हेच त्याच्यासाठी संकट झाले. जो खेळाडू सरावात शंभरदा साधा, सोपा पास घेतो, त्याला सामन्यातला एखादा अवघड पास त्या शंभरांपैकीच एक वाटतो. ज्याला सरावात एकही मिळाला नाही, त्याला तो एकच पास सगळ्या मैदानाएवढा वाटतो. म्हणून कीपरच्या पायांचा सराव कीपरला वेगळे काढून होत नाही, असे आता माझे ठाम मत झाले आहे. झेलणे, पडणे, मुठीने चेंडू ठोसणे यांसाठी त्याला वेगळा वेळ हवाच. पण गोलाकार उभे राहून मधल्याला चकवण्याच्या खेळात तो असला पाहिजे, आणि मध्ये पकडायलाही गेला पाहिजे, म्हणजे फॉरवर्ड काय बघतो, कुठल्या पायावर धावतो, हे त्याला आतून कळेल. तीन-तीनच्या छोट्या सामन्यांत त्यालाही मैदानात खेळवले पाहिजे. आणि गोल किक त्यानेच घेतली पाहिजे. 2019 पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेर, जाईपर्यंत थांबावे लागत नाही. आपला बचावपटू बॉक्सच्या आतच तो घेऊ शकतो. ज्यांच्या मांड्यांत अजून बळ आलेले नाही अशा मुलांसाठी हा बदल वरदान आहे, पण आमच्याकडे अजून स्टॉपरला बोलावून लांब मारायची रीत सुटलेली नाही. भर म्हणून 2025 पासून हातात चेंडू आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. हातात लपून बसायची जागाही आता आकसत चालली आहे.

या सगळ्यात माझे मन पूर्ण निःशंक आहे असे नाही. 2014 च्या विश्वचषकात अल्जिरियाविरुद्ध जर्मनीचा गोलकीपर मॅन्युएल नॉयर बॉक्सबाहेर येऊन बचावपटूसारखा खेळला, तेव्हापासून सगळ्या मुलांना नॉयर व्हायचे आहे. 2016 मध्ये प्रशिक्षक पेप गार्डिओला मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबात आल्यावर गोलकीपर जो हार्टला बाजूला करून पायाने चांगला म्हणून क्लॉडिओ ब्राव्होला आणले गेले, आणि त्या मोसमात ब्राव्होच्या गोल अडवण्यावरच सर्वाधिक टीका झाली. पुढच्या वर्षी तिथे गोलकीपर एडरसन आला आणि दोन्ही जमणारा माणूस कसा असतो ते दिसले. मला भीती याची वाटते की पायांच्या नादात क्रॉस झेलण्याची कला मागे पडेल. आमच्या वाऱ्यापावसात, ओल्या जड चेंडूने, गर्दीतून उंच उठून चेंडू दोन्ही हातांत घेणे ही फार सुंदर आणि फार अवघड गोष्ट आहे, आणि तीच त्या मुलाची देणगी आहे. त्याचे पाय सुधारताना ती मला गमवायची नाही. त्यामुळे आठवड्यातून निदान एक संध्याकाळ मी फक्त कॉर्नर मारत बसतो.

दुसरी शंका अधिक कडू आहे. मागून पास देत खेळायला लागलो तर आम्ही गोल खाणार, आणि ते गोल त्याच्या नावावर जाणार. अ‍ॅलिसन हा गोलकीपर लिव्हरपूल या इंग्लिश क्लबात आला तेव्हा, सप्टेंबर 2018 मध्ये, लेस्टरविरुद्ध त्याने आपल्याच गोलजवळ फॉरवर्डला चुकवायचा प्रयत्न केला, चेंडू गमावला आणि गोल खाल्ला. लिव्हरपूल तो सामना 2-1 ने जिंकले, म्हणून निभावले. त्याच मोसमाच्या शेवटी, माद्रिदला, युरोपचा चषक जिंकणाऱ्या संघाच्या गोलमध्ये तोच उभा होता. त्याच्यामागे मोठा क्लब होता, प्रशिक्षक होते. गल्लीतल्या चौदा वर्षांच्या मुलामागे कोण असते? एका चुकीवरून पुढचे सहा महिने त्याला शाळेत, चौकात, चहाच्या टपरीवर ऐकून घ्यावे लागते. म्हणून आम्ही बचावपटूंना बसवून स्पष्ट सांगितले आहे की मागे पास दिल्यावर काम संपत नाही. लगेच बाजूला पसरून त्याला परत देण्याची जागा करायची, 'वेळ आहे' किंवा 'मागं माणूस' अशी हाक द्यायची. जागा न करता मागे चेंडू टाकून उभा राहणारा बचावपटूच त्या गोलचा धनी, असे मी सगळ्यांदेखत ठरवून टाकले आहे. पास कुठे द्यायचा नाही, हेही कीपरलाच ठरवू दिले आहे. समोरून दोघे धावून येत असतील, मैदानावर पाणी साचले असेल, तर लांब मारणे हा शहाणपणाच आहे, आणि तो मारल्यावर त्याला कोणी बोलायचे नाही. फक्त बघून मारायचा, पायाच्या वरच्या हाडाने, आपल्या माणसाच्या दिशेने.

सरावात आता प्रत्येक हल्ल्याआधी चेंडू एकदा कीपरच्या पायात जायलाच हवा, असा नियम आहे. फॉरवर्ड मुले कुरकुरतात, 'सर, नुसतं मागं-मागं कशाला?' असे दर संध्याकाळी विचारतात. पण तो मुलगा आता चेंडू यायच्या आधी मान वळवून बघतो, हे मला दिसते. उजव्या पायाचा त्याचा छोटा पास बऱ्यापैकी बसला आहे. डाव्या पायाने घेतलेला चेंडू अजून दोन हात लांब उडतो, आणि डाव्याने मारलेली लांब किक अर्ध्या मैदानापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी मांडीत ताकद यायला अजून दोन पावसाळे तरी जावे लागतील. पालकांशीही बोलणे झाले आहे. बाहेर उभे राहून खेळ बघा, गोल झाला तर ओरडा, पंचांवरही थोडे ओरडलात तर चालेल. मात्र चेंडू मागे कीपरकडे गेला की 'मार की रे लांब!' ही हाक कोणी द्यायची नाही, एवढेच आम्ही त्यांच्याकडे मागितले आहे. पुढच्या महिन्यात खानापूरच्या मुलांशी सामना ठरला आहे, आणि त्यात सगळ्या गोल किक तोच घेणार आहे.